अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे काय? संकरित बियाणे पुढच्या वर्षी का चालत नाही?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी, कर्जत किंवा पारनेरच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडावर बाजरीच्या संकरित बियाण्याच्या पिशव्या विकल्या जातात. गेल्या वर्षीच्या पिकातले दाणे घरात असले, तरी संकरित बाजरी घेणारा शेतकरी नवी पिशवी विकत घेतो. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा आणि भाताचे गावरान बियाणे वर्षानुवर्षे घरचे घरी जपले. तिकडे राहाता-संगमनेरच्या डाळिंबबागांत मात्र बी कोणी लावतच नाही. तिथे बाग उभी राहते ती गुटी कलमांवर.

तीन पिके आणि बियाण्याच्या तीन रीती. या तिन्हींमागचे कारण फुलाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका घटनेत आहे. तिला अर्धगुणसूत्री विभाजन किंवा मायोसिस म्हणतात. या घटनेत पेशी आपली गुणसूत्रे निम्मी करते आणि ती करताना त्यांची नव्याने वाटणी करते.

थोडक्यात

- अर्धगुणसूत्री विभाजनात एका पेशीपासून चार पेशी तयार होतात. प्रत्येकीत मूळ पेशीच्या निम्मी गुणसूत्रे असतात.
- प्राण्यांमध्ये हे विभाजन वृषण आणि अंडाशयात होते. सपुष्प वनस्पतींमध्ये ते परागकोशात आणि बीजांडात होते.
- पेशी एकामागून एक दोनदा विभागते, पण डीएनएची नक्कल एकदाच होते.
- पहिल्या विभाजनात सजातीय गुणसूत्रांच्या जोड्या तुटतात. दुसऱ्यात प्रत्येक गुणसूत्राचे दोन अर्धे वेगळे होतात.
- या वाटणीमुळे एकाच आईवडिलांची अपत्ये एकमेकांपेक्षा वेगळी निघतात.

गुणसूत्रे निम्मी का करावी लागतात?

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये गुणसूत्रे जोडीने असतात. जोडीतले एक आईकडून आलेले असते, दुसरे वडिलांकडून. अशा जोडीला सजातीय गुणसूत्रे म्हणतात. माणसात २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. गाईत ६०, भातात २४, वालात २२, कांद्यात १६ आणि बाजरीत १४ गुणसूत्रे असतात. जोड्या असलेल्या पेशीला द्विगुणी पेशी म्हणतात, तर प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र असलेल्या पेशीला एकगुणी.

नर आणि मादी यांच्या पेशी एकत्र येऊन नवा जीव तयार होतो. बाजरीच्या या दोन्ही पेशींत १४ गुणसूत्रे असती, तर पुढच्या पिढीत २८ झाली असती, त्यापुढच्या पिढीत ५६. दहाव्या पिढीत हा आकडा १४,३३६ वर गेला असता. अशी पेशी जगूच शकत नाही. म्हणून दोन पेशी एकत्र येण्याआधी प्रत्येकीतली संख्या निम्मी व्हावी लागते. सातात सात मिळाले की पुन्हा चौदा होतात आणि पिढ्यान् पिढ्या संख्या तीच राहते.

साध्या विभाजनापेक्षा वेगळे काय?

कांद्याचे मूळ वाढते, जखम भरून येते, उसाच्या टिपरीवरचा डोळा फुटतो, तेव्हा पेशींचे सूत्री विभाजन चालू असते. त्यात पेशी आपल्या सगळ्या गुणसूत्रांची एक नक्कल करते आणि एकदाच विभागते. तयार होणाऱ्या दोन्ही पेशी मूळ पेशीसारख्याच असतात. झेरॉक्स काढावी तसे हे काम आहे.

अर्धगुणसूत्री विभाजनातही सुरुवात एका नकलेनेच होते. प्रत्येक गुणसूत्राचे दोन सारखे धागे तयार होतात आणि ते गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेले राहतात. या धाग्यांना अर्धगुणसूत्रे म्हणतात. इथून पुढे मात्र पेशी दोनदा विभागते, आणि मधल्या काळात पुन्हा नक्कल होत नाही. एकदा दुप्पट, मग दोनदा निम्मे, असा हिशोब होऊन चार एकगुणी पेशी उरतात.

पहिला टप्पा: जोड्या जुळतात, देवघेव होते, जोड्या तुटतात

पहिल्या टप्प्यातली *पूर्वावस्था* ही या साऱ्या क्रियेतली सर्वांत लांब आणि सर्वांत महत्त्वाची अवस्था आहे. अभ्यासासाठी तिचे लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन आणि डायकायनेसिस असे पाच भाग केले जातात. आधी गुणसूत्रे आखूड आणि जाड होऊ लागतात. मग आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले सजातीय गुणसूत्र एकमेकांना शोधून टोकापासून टोकापर्यंत शेजारी शेजारी चिकटतात. साध्या सूत्री विभाजनात अशी भेट होत नाही.

या भेटीत दोघांच्या धाग्यांमध्ये काही ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल होते. हेच जनुकीय विचरण किंवा क्रॉसिंग ओव्हर. समजा, एकाच क्रमाने त्याच पदार्थांच्या कृती लिहिलेल्या दोन वह्या आहेत. एक आईच्या हातची, दुसरी वडिलांच्या. दोन्हींतली काही पाने आपापल्या जागीच एकमेकींत बदलली, तर वह्या पूर्ण राहतील, पण प्रत्येक वहीत दोन्ही हस्ताक्षरे दिसतील. विचरणानंतर गुणसूत्राची अशी स्थिती असते. त्यावरच्या जनुकांचा क्रम तोच राहतो, पण जनुकांची रूपे आईवडिलांच्या गुणसूत्रांतून मिसळलेली असतात.

*मध्यावस्थेत* जोड्या पेशीच्या मध्यभागी रांगेत येतात. आईकडचे गुणसूत्र कोणत्या बाजूला आणि वडिलांकडचे कोणत्या, हे प्रत्येक जोडीपुरते स्वतंत्रपणे आणि योगायोगाने ठरते.

*पश्चावस्थेत* जोड्या तुटतात. प्रत्येक जोडीतले एक अख्खे गुणसूत्र एका ध्रुवाकडे ओढले जाते, दुसरे विरुद्ध ध्रुवाकडे. दोन अर्धगुणसूत्रे अजून एकमेकांना धरूनच असतात. संख्या निम्मी होते ती याच क्षणी.

*अंत्यावस्थेत* दोन पेशी तयार होतात. बाजरीचा विचार केला, तर प्रत्येकीत आता सातच गुणसूत्रे आहेत, पण प्रत्येक गुणसूत्र दुहेरी आहे.

दुसरा टप्पा: दुहेरी धागे सुटे होतात

दुसरा टप्पा सूत्री विभाजनासारखाच असतो. दोन्ही पेशींत गुणसूत्रे मध्यभागी येतात, गुणसूत्रबिंदू विभागतो आणि दोन अर्धगुणसूत्रे दोन दिशांना जातात. शेवटी चार पेशी मिळतात. विचरण झालेले असल्यामुळे या चौघी सहसा एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात.

पुरुषाच्या वृषणात या चारही पेशींचे शुक्राणू होतात. स्त्रीच्या अंडाशयात मात्र वाटणी असमान असते. जवळपास सगळे पेशीद्रव्य एका मोठ्या अंडपेशीकडे जाते आणि उरलेल्या लहान पेशी नष्ट होतात. सपुष्प वनस्पतींच्या परागकोशात चारही पेशींपासून परागकण बनतात. बीजांडात बहुतेक वनस्पतींमध्ये चारपैकी एकच पेशी टिकते.

किती प्रकारची वाटणी होऊ शकते?

विचरण बाजूला ठेवले, तरी नुसत्या रांगेतल्या योगायोगातूनच मोठी विविधता तयार होते. दोन जोड्या असतील तर चार प्रकारच्या पेशी, तीन जोड्या असतील तर आठ. बाजरीच्या सात जोड्यांपासून १२८ प्रकार संभवतात, भाताच्या बारा जोड्यांपासून ४,०९६. माणसाच्या २३ जोड्यांपासून ८३,८८,६०८ प्रकार होतात. आई आणि वडील दोघांचे प्रकार एकत्र धरले, तर एकाच जोडप्याच्या अपत्यांसाठी सुमारे ७० लाख कोटी शक्यता निघतात. त्यात विचरणाची भर पडते. सख्खी भावंडे एका घरात वाढूनही वेगळी का दिसतात, याचे हे उत्तर आहे.

संकरित बाजरीचे बी का ठेवता येत नाही?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने बाजरीचे 'श्रद्धा' आणि 'सबुरी' हे संकरित वाण दिले. नावे ऐकताच याच जिल्ह्यातली शिर्डी आठवते. असा संकरित वाण तयार करताना दोन वेगवेगळ्या, पण प्रत्येकी आतून एकसारख्या असलेल्या ओळी घेतात आणि त्यांचा संकर करतात. पिशवीतल्या प्रत्येक दाण्याला एकीकडून सात आणि दुसरीकडून सात गुणसूत्रे मिळतात. सगळे दाणे जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखे असतात. म्हणून संकरित बाजरीचे शेत एका उंचीचे दिसते आणि सगळी कणसे साधारण एकाच वेळी तयार होतात. दोन ओळींच्या मिलनातून येणारा जोमही त्यात असतो.

हे रोप फुलोऱ्यात येते तेव्हा त्याच्या परागकोशात आणि बीजांडात अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होते, आणि मोठ्या मेहनतीने जुळवलेल्या जोड्या तुटतात. एखाद्या जागी जनुकाची मोठा 'अ' आणि छोटा 'अ' अशी दोन रूपे आहेत असे धरू. निम्म्या पेशींत मोठा 'अ' जाईल, निम्म्यांत छोटा. पुढच्या पिढीत सरासरी चारपैकी एका रोपात दोन्ही मोठे, एका रोपात दोन्ही छोटे आणि दोनच रोपांत पहिल्यासारखी मिश्र जोडी असेल. हजारो जनुकांच्या बाबतीत हेच घडते. परिणामी घरचे बी पेरलेल्या शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा येणारी, भरदार आणि विरळ कणसांची रोपे मिसळून येतात. काही रोपे परागहीनही निघू शकतात. बियाणे 'खराब' झालेले नसते आणि त्यात मुद्दाम काही घातलेलेही नसते. निसर्गाने ठरल्याप्रमाणे पत्ते पुन्हा पिसलेले असतात, एवढेच.

यातून एक व्यावहारिक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाजरीचे सगळेच सुधारित वाण संकरित नसतात. 'धनशक्ती' हा लोह अधिक असलेला वाण मुक्त परागीभवनाचा आहे. असा वाण म्हणजे आधीच थोड्याफार वेगळ्या रोपांचा समूह असतो. त्यात दरवर्षी पिसणे होते, पण समूहाची सरासरी फारशी बदलत नाही. शेताच्या मधल्या भागातली चांगली कणसे निवडून त्याचे बी काही वर्षे वापरता येते. पिशवी घेताना 'संकरित' की 'सुधारित' हे वाचणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मग गावरान वाल आणि भात तसेच कसे राहतात?

राहीबाई पोपेरे यांना बियाण्याच्या कामासाठी २०२० चा पद्मश्री जाहीर झाला आणि 'बीजमाता' म्हणून त्या देशभर ओळखल्या गेल्या. अकोल्याच्या डोंगराळ भागात काळभात, रायभोग यांसारखे भाताचे स्थानिक वाण आणि वालाचे अनेक प्रकार पिढ्यान् पिढ्या घरच्या बियाण्यावर टिकले. या पिकांतही अर्धगुणसूत्री विभाजन होतेच. मग ती विखुरत का नाहीत?

कारण भात, आणि बहुतांशी वालही, स्वपरागित पिके आहेत. फुलातला पराग सहसा त्याच फुलातल्या स्त्रीकेसरावर पडतो. अशा पिकात मिश्र जोड्यांचे प्रमाण प्रत्येक पिढीत निम्मे होते: शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. सातव्या पिढीपर्यंत ते एक टक्क्याच्याही खाली येते. शेकडो वर्षे पेरल्या गेलेल्या वाणात बहुतेक जोड्यांतली दोन्ही गुणसूत्रे आता सारखीच आहेत. दोन्ही वह्यांतला मजकूर एकच असेल, तर पाने बदलूनही काही फरक पडत नाही.

पिसणे थांबलेले नसते, ते फक्त दिसत नाही. म्हणून गावरान भाताचे बी विश्वासाने ठेवता येते. बाजरी मात्र परपरागित आहे. तिच्या कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर येतात आणि नंतर परागकोश, त्यामुळे दुसऱ्या कणसावरचा पराग वाऱ्याने आधी पोहोचतो. तिच्या बियाण्यात मिसळ होतच राहते.

डाळिंब आणि ऊस: विभाजन टाळण्याची युक्ती

'गणेश' हे डाळिंब १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड इथे डॉ. चीमा यांनी आळंदी वाणाच्या रोपांतून निवडले. पुढे राहुरी विद्यापीठाने 'गणेश' आणि 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकरातून मृदुला, आरक्ता आणि भगवा हे लाल दाण्यांचे वाण दिले. 'भगवा' निवडला गेला तो संकराच्या दुसऱ्या पिढीतून. म्हणजे ज्या पिढीत बाजरीचे शेत विखुरते, त्याच पिढीत संशोधकांना हवे ते झाड सापडले. शेतकऱ्याला नको असलेली विविधता वाण शोधणाऱ्याला हवी असते.

एकदा असे झाड मिळाले की त्याचे बी लावून चालत नाही. भगव्याच्या दाण्यातून उगवणारे रोप डाळिंबाचेच असेल, पण भगवा असेल याची खात्री नाही. फळाचा रंग, दाण्याचा मऊपणा, गोडी यांची जुळणी मोडलेली असू शकते. गुटी कलमात फांदीची साल गोलाकार काढून त्या जागी ओलसर शेवाळ बांधतात आणि मुळे फुटल्यावर फांदी तोडून लावतात. इथे फक्त सूत्री विभाजन होते, म्हणून नवे झाड मूळ झाडाची नक्कल असते. ऊस टिपरीवर लावतात तेही याच कारणाने. उसाचे खरे बी शेतकऱ्याच्या कामाचे नसते. पैदासकार मात्र त्याच बियांतून उगवलेल्या, एकमेकांपेक्षा वेगळ्या रोपांमधून नवा वाण शोधतात.

या युक्तीची किंमतही मोजावी लागते. सगळी झाडे एकसारखी असली की एका झाडाला बाधणारा रोग सगळ्यांना बाधतो. डाळिंबावरच्या तेल्या रोगाने भगव्याच्या बागा सलग बसतात त्यामागे हेही एक कारण आहे. रोगाला तोंड देणारे झाड शोधायचे, तर पुन्हा संकर आणि अर्धगुणसूत्री विभाजनाकडेच जावे लागते.

गोठ्यातले उदाहरण

राहुरी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय तीन जातींपासून तयार झाली: होल्स्टीन ५० टक्के, जर्सी २५ टक्के आणि गीर २५ टक्के. वासराला आई आणि वडील यांच्याकडून निम्मी निम्मी गुणसूत्रे मिळतात, हे पक्के. आजी-आजोबांकडून पाव हिस्सा मिळतो, तो मात्र सरासरीने. एखाद्या वासरात गीरचा अंश थोडा जास्त येईल, त्याच्या सख्ख्या बहिणीत थोडा कमी. एकाच वळूच्या रेतनातून झालेल्या कालवडी दुधाला सारख्या निघत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

कालवड होणार की गोऱ्हा, हेही याच विभाजनात ठरते. वळूच्या पेशीत एक्स आणि वाय ही जोडी असते. ती तुटली की निम्म्या शुक्राणूंत एक्स जातो, निम्म्यांत वाय. गाईच्या अंडपेशीत नेहमी एक्सच असतो. गाईबैलांत एक्स असलेल्या शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. या फरकावरून शुक्राणू वेगळे करून लिंगनिर्धारित वीर्यमात्रा बनवतात. माणसातही रचना हीच आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावण्यात कसलेच तथ्य नाही, कारण एक्स आणि वाय यांची वाटणी वडिलांच्या पेशीत होते.

वाटणी चुकली तर?

कधी कधी एखादी जोडी तुटत नाही आणि दोन्ही गुणसूत्रे एकाच पेशीत जातात. माणसात २१ व्या गुणसूत्राच्या बाबतीत असे झाले, तर बाळाच्या पेशींत ४७ गुणसूत्रे येतात आणि डाऊन सिंड्रोम होतो. स्त्रीमध्ये हे विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि पहिल्या पूर्वावस्थेत थांबते. त्यानंतर ते पुढे सरकते ते कित्येक वर्षांनी, अंडमोचनाच्या वेळी. इतका काळ गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिने वयानुसार कमकुवत होतात, म्हणून आईच्या वाढत्या वयाबरोबर ही शक्यता वाढते. मात्र कमी वयाच्या मातांमध्येही असे घडू शकते. हा पेशीतला अपघात आहे, त्यात आईची किंवा वडिलांची चूक नसते.

केळीत उलट प्रकार दिसतो. खाण्याच्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तिघांची समान वाटणी दोघांत होत नाही, त्यामुळे विभाजन फसते आणि बी धरत नाही. केळी बिनबियांची असते ती यामुळे.

शोध कसा लागला?

बेल्जियमचे एदुआर व्हान बेनेडन यांनी १८८३ मध्ये घोड्याच्या आतड्यातल्या जंतावर काम करताना अंडपेशीत आणि शुक्राणूत निम्मीच गुणसूत्रे असल्याचे पाहिले. जर्मनीचे ऑगस्ट वाइझमान यांनी पिढ्यांमध्ये संख्या कायम राहण्यासाठी असे निम्मे होणे आवश्यक आहे, हे मांडले. १९०२-०३ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर सटन यांनी नाकतोड्याच्या पेशी तपासून दाखवले, की मेंडेलने वाटाण्यात पाहिलेले नियम गुणसूत्रांच्या या वाटणीशी जुळतात. 'मायोसिस' हे नाव १९०५ मध्ये रूढ झाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'कमी होणे'. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात विचरणाचा प्रत्यक्ष पुरावा दिला.

शाळेत हे पाहता येते का?

येते. सूत्री विभाजनासाठी कांद्याच्या मुळाचे टोक वापरतात, अर्धगुणसूत्रीसाठी कांद्याचे फूल. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला गोंडे आले की अगदी लहान, हिरवट, न उमललेल्या कळ्या घ्यायच्या. उमललेले फूल उपयोगाचे नाही, कारण त्यातले विभाजन संपलेले असते. कळीतला परागकोश काचपट्टीवर ॲसिटोकार्मिनमध्ये दाबला, तर सूक्ष्मदर्शकाखाली आठ जोड्या किंवा एकत्र बसलेल्या चार पेशी दिसू शकतात. एका कळीत नेमकी हवी ती अवस्था मिळेलच असे नाही, म्हणून वेगवेगळ्या आकाराच्या कळ्या पाहाव्या लागतात.

बी ठेवायचे की विकत घ्यायचे, हे त्या कळीत ठरते. जोडीतली दोन गुणसूत्रे सारखी असतील, तर पिसूनही वाण तोच राहतो आणि बी घरात ठेवता येते. ती वेगळी असतील, तर पुढची पिढी वेगळी निघते. तेव्हा एक तर दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते, नाहीतर गुटीसारखी विभाजन टाळणारी वाट धरावी लागते.